अठराचे सतरा

"टक्कर झालेलीच नाही," पोतनीस मॅडम म्हणाल्या.

संजीवनी लोहारच्या गळ्यात मनगटाएवढा जाड पट्टा होता. मान वळवायची म्हणजे कमरेपासून अख्खं अंग वळवावं लागत होतं. तिने ते वळवलं आणि परिवहन कचेरीच्या खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर तिची वडाप उभी होती. आठ माणसांची, बॅटरीवरची, तीनचाकी. कातळवाडी ते बाजारपेठ अशा दिवसभर खेपा मारणारी. गाडीवर एक ओरखडा नव्हता. नुकती शोरूममधून काढल्यासारखी चकचकीत दिसत होती, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

"मॅडम, मी थांब्यावर उभी होते. मागनं खाणीचा डंपर आला आणि लागला. माझी गाडी रस्ता ओलांडून पलीकडं ज्वारीच्या रानात गेली. माझी मान गेली. गाडीत बसलेल्या गुलाबमावशीचं खुब्याचं हाड मोडलं, ती दवाखान्यात पडलीय. आणि तुम्ही म्हणता टक्कर झाली नाही?"

"मी नाही म्हणत. नोंदयंत्र म्हणतंय. डंपरचं म्हणतंय आणि तुमचंही." पोतनीस मॅडमनी पडदा तिच्याकडे फिरवला. बाई वाईट नव्हत्या. बसायला खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं. "उलट तुमच्याच गाडीची एक नोंद दिसते. थांब्याच्या रस्त्यावर वेगाची मर्यादा पंचवीस. तुमची गाडी पस्तीसने गेली. म्हणून परवाना थांबवलाय."

"माझी गाडी पंचवीसच्या वर जातच नाही. कंपनीनंच तशी बांधून दिलीय. रिकामी असली तरी जात नाही, त्या दिवशी तर भरलेली होती."

"मग मोटरीत फेरफार केलाय असं धरावं लागेल. तो वेगळा गुन्हा आहे, ताई. मी तो लावत नाहीये. तुम्ही बोलून बोलून माझ्याकडून लावून घेऊ नका."

तिच्या उभ्या गाडीला कुणीतरी उडवलं होतं आणि भरधाव गेल्याचा ठपकाही तिच्यावरच आला होता.

"आणि मावशीचं?"

"अपघात नाही म्हटल्यावर अपघाताच्या योजनेतून ऑपरेशन होत नाही. त्या पडल्या, असं धरतात. न्हाणीत पाय घसरल्यासारखं." मॅडमनी आवाज खाली आणला. "एक वाट आहे. समोरच्या चालकाने लेखी जबाब दिला की माझी गाडी लागली, तर चौकशी यंत्राकडून काढून माणसाकडे देता येते. एकटीच्या सांगण्यावर नाही चालत. ओळखता का तुम्ही त्या चालकाला?"

"ओळखते की," संजीवनी म्हणाली. "माझा सख्खा भाऊ आहे."

*

अक्षत पट्टी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. साधा बंपर धडकला की चेपतो. तो धक्क्यातला काही भाग खातो. पत्रा वाकतो, आवाज होतो, थोडी उष्णता होते, आणि मग दोन्ही मालक रस्त्यात उतरून एकमेकांची आई-बहीण काढतात. अक्षत पट्टी काही खात नाही. हातभर जाडीचा हा काळा पदार्थ दाबला की दाबला जातो, आणि जेवढं घेतलं तेवढं सगळं परत देतो. पत्रा वाकत नाही, दिवा फुटत नाही. नुसता 'भप्प' असा आवाज येतो, उशीवर थाप मारल्यासारखा. विमेवाले खूश, गाडीवाले खूश. सरकारने पाच वर्षांत सायकल सोडून सगळ्या वाहनांना ती सक्तीची केली.

मग प्रश्न आला, अपघात कशाला म्हणायचं? पूर्वी पत्रा बघून कळायचं. आता प्रत्येक गाडीत नोंदयंत्र बसवलं. दोन गाड्या एकमेकींना लागल्या की त्यांची यंत्रं आपसांत बोलतात, लागण्याआधी दोघींची मिळून गतिज ऊर्जा किती होती आणि नंतर किती उरली याची बेरीज करतात. बेरीज घटली तर काहीतरी मोडलं, म्हणजे अपघात. बेरीज तेवढीच राहिली तर काहीच मोडलं नाही, म्हणजे अपघात नाही. कागदावर यात चूक काढून दाखवा. हा नियम लिहिणारा माणूस मोठ्या गाडीत बसत होता, एवढं मात्र कागदावर नव्हतं.

शाळेच्या पुस्तकात याला स्थितिस्थापक टक्कर म्हणतात. चार मार्कांना येते, पाठ करतात, विसरतात. दोन सारख्या गोट्या घ्या. एक स्थिर ठेवा, दुसरी तिच्यावर नेमकी मारा. मारलेली जागच्या जागी थांबते आणि स्थिर असलेली तिचा वेग घेऊन निघून जाते. चोख अदलाबदल. आता गोटीवर लोखंडी गोळा सोडा. गोळा थांबत नाही, त्याला पत्ताही लागत नाही. गोटी मात्र गोळ्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने सुटते. दुप्पट का? गोळ्यावर बसून बघा. तिथून दिसतं की गोटीच तुमच्या अंगावर आली, आपटली, आणि आली त्याच वेगाने मागे गेली. खाली उतरून बघितलं की त्यात गोळ्याचा स्वतःचा वेगही मिळवावा लागतो. एक अधिक एक.

भावाचा, विलासचा, भरलेला डंपर चाळीस टन. संजीवनीची वडाप माणसांसकट टनभरसुद्धा नाही. डंपर अठराच्या वेगाने आला होता. वडाप पस्तीसने गेली. डंपरचे अठराचे सतरा झाले. ऊर्जेची बेरीज तंतोतंत जुळली, आणि मावशीचा खुबा त्या बेरजेत कुठे बसत नव्हता.

*

खाणीच्या वजनकाट्यापाशी डंपरांची लाईन लागली होती. ही लाईन बघायला पूर्वी बाहेरगावची माणसं यायची. पट्टी आल्यापासून इथे कुणी पुढे सरकायला गाडी सुरू करत नाही. सगळे डंपर भरलेले, सारख्या वजनाचे, गिअर मोकळा, मध्ये हात-दोन हात जागा. उतारावरून नवा डंपर येतो आणि शेवटच्याला टेकतो. तो येणारा तिथेच थांबतो. भप्प, भप्प, भप्प असा धक्का लाईनभर पुढे जातो आणि पहिला डंपर आपसूक काट्यावर जाऊन बसतो. मधले फक्त एक-एक जागा पुढे सरकतात. लाईनीचा एकच कायदा होता : ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. कुणी ठेवला की धक्का उलटा फिरतो आणि मागच्या सगळ्यांची कंबर मोडते. ब्रेक मारणाऱ्याला चालक मंडळी महिनाभर चहाला बोलवत नसत.

विलासदादा केबिनमध्ये चहा पीत बसला होता. समोर फळीवर स्टीलचा पेला, काठोकाठ. बहिणीला बघून तो खाली उतरला.

"बरं वाटतंय का गं? मान कशी हाय?"

"जबाब दे, दादा. कचेरीत येऊन लिहून दे, माझी गाडी लागली म्हणून. दोन ओळी."

विलासने टोपी काढली, झटकली, परत घातली. "आगं, लागली म्हंजे काय, मी आपला नेहमीसारखा टेकवला. तू दिसलीस थांब्यावर. म्हटलं द्यावा एक रामराम."

"रामराम?"

"लाईनीत देतो की आमी. वळखीचा माणूस पुढं दिसला की जरा जोरात टेकवतो. त्यो हसतो, पुढं जातो."

"लाईनीत पुढं डंपर असतो. ती माझी वडाप होती."

"ती पन चाकावरच असती की."

यावर संजीवनीला रडावं की त्याच्या टोपीसकट त्याला काट्यावर ढकलून द्यावं, ते कळेना. बारा वर्षं सारख्याला सारखं टेकवून त्याच्या डोक्यात बसलं होतं की टेकवलं की पुढचा हळू पुढे जातो आणि हसतो. याच माणसाने तिला गाडी शिकवली होती. नवऱ्याच्या माघारी परवाना काढायला हाच बरोबर आला होता, आणि पहिल्या खेपेला पहिला प्रवासी म्हणून हाच बसला होता.

"बरं, चूक झाली. मग लिहून दे."

"लिहिलं की माझ्या नावावर अपघात चढतो. मालकाचा नियम तुला ठावं हाय. ज्याच्या नावावर नोंद, त्याच्या हातात डंपर न्हाई. मागल्या दसऱ्याला समद्यांसमोर मला फेटा बांधला, एकबी नोंद न्हाई म्हणून." त्याने टोपी पुढे ओढली. "आनि खरं सांगू का संजे, मला कायबी जाणवलं न्हाई. आईशप्पत. चहासुदिक सांडला न्हाई. आता जे मला जाणवलंच न्हाई, ते मी झालं म्हणून कसं लिवू?"

"मला जाणवलं ना."

"तुझं खरं असंल गं. पन..."

"असंल?" तिचा आवाज चढला तशी मानेत कळ गेली आणि ती पट्टा धरून उभी राहिली. "बघ दादा. मी मेले असते तरी तुझा चहा सांडला नसता."

मागून भप्प, भप्प आलं आणि विलासचा रिकाम्या केबिनचा डंपर आपला आपण एक जागा पुढे गेला. विलास त्याच्यामागे पळाला. जाता जाता म्हणाला, "सांजच्याला घरी ये, वहिनीनं डिंकाचं लाडू केल्यात."

*

दवाखान्यात गुलाबमावशी पाय टांगून पडली होती. मेथी-शेपू विकून जन्म गेलेली बाई, तोंड तेवढं शाबूत.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"काहीच झालं नाही म्हणतंय."

"मग त्याला म्हणावं ये, माझ्या शेजारी झोप. डागदर तर म्हणतोय लवकर आपरेशन कराया पायजे, न्हाईतर ह्यो पाय काठीच्याच कामाचा. कापायचं कुनाच्या पैशानं, ते काय सांगंना." मावशीने तिच्या पट्ट्याकडे बघितलं. "भावानं काय सांगितलं?"

"लाडू खायला बोलावलंय."

मावशी हसली आणि हसताना हाड दुखलं म्हणून शिवी दिली. शिवी नेमकी कुणाला होती ते कळलं नाही, पण योग्य होती.

वडाप थांब्यावर वेगळाच उद्योग चालला होता. दस्तगीर मुल्ला, थांब्याचा म्होरक्या, खाणीतले दगड आपल्या गाडीत सीटांखाली भरत होता. बाकीचेही भरत होते. पाच-सहा जण होते, तसे दोषी नव्हते. तुझं जे झालं ते आमचं होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"वजन पायजे ताई," दस्तगीर म्हणाला. "हलक्याला उडवतात. आपण जड व्हायचं. आता मी आठाऐवजी बारा माणसं घेतो. पोलिसानं हटकलं तर सांगतो, साहेब, ही सुरक्षेसाठी हायेत."

लोक हसले. संजीवनीही हसली असती. पण वडाप दुप्पट जड केली तरी चाळीस टनांपुढे ती गोटीच. पस्तीसने उडायची ती चौतीसने उडेल. एवढ्यासाठी बिचारी मोटर धापा टाकत होती.

दस्तगीरने बोलता बोलता गाडी वळवायला मागे घेतली. मागे दुधवाला महादू सायकल धरून उभा होता, दोन्ही बाजूंना कॅन लावलेल्या. वडाप दगडांनी भरलेली, मागे पट्टी. भप्प. सायकल कॅनांसकट गटारापलीकडे गेली. महादू गटारात बसला, तोंडावर दूध. कुणाला काही मोठं लागलं नाही. पण दस्तगीर उतरून भाबड्या चेहऱ्याने आजूबाजूला बघत म्हणाला, "काय झालं? मला तर कायच जाणवलं न्हाई."

दस्तगीर गेली दहा वर्षं तिच्या शेजारी गाडी लावत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. दादाच्याही नव्हतं. पोतनीस मॅडमच्याही नव्हतं. जड झालेल्या माणसाला जाणवतच नाही, त्याला पापाची गरज लागत नाही. आता हे सगळे दगड भरणार, सायकलवाल्यांना उडवणार, आणि संध्याकाळी यंत्राची बेरीज चोख जुळणार.

दस्तगीरने कचेरीपासून आणून थांब्यावर लावलेल्या आपल्या वडापची चावी तिने काढली. परवाना थांबवलेला होता. घातली तिने गाडी रस्त्यावर.

*

वजनकाट्यावरचा माणूस केबिनमधून ओरडला, "ओ बाई, हितं प्यासेंजर गाडीचं काय काम?"

"वजन करायचंय," संजीवनी म्हणाली. "सगळे म्हणतात हलकी आहे."

लाईनीत सगळ्यात पुढे नवी खेप भरून आलेला विलासदादाचा डंपर होता. त्याच्या आणि काट्याच्या मधल्या जागेत तिने वडाप घातली, मागची पट्टी त्याच्या पुढच्या पट्टीपासून दीड हातावर. चावी काढून ओढणीच्या टोकाला बांधली आणि हात मांडीवर ठेवले.

विलासने खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं. "संजे, काय चाललंय हे? काढ गाडी."

"मी लाईनीत आहे."

"आगं वरनं बाळ्याचा डंपर येतोय. आता टेकंल त्यो."

"टेकू दे की. रामराम घेते तुझा."

"येडी का खुळी तू? मान बघ तुझी. उतर खाली आधी."

"तुला काही जाणवणार नाही, दादा. चहा पी."

तिला मान वळवता येत नव्हती. छोट्या आरशात दादाचा डंपर मावतच नव्हता, नुसती काळी पट्टी आणि वर निम्मी काच दिसत होती. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. पाठीमागे लांब, उताराच्या टोकाला, पहिला आवाज आला.

भप्प.

विलास एकदा मागच्या आरशात बघत होता, एकदा पुढे. आरशात डंपरामागून डंपर एक-एक पाऊल सरकत होते. पुढे काचेखाली, जवळजवळ त्याच्या पायापाशी, वडापचं पत्र्याचं छप्पर होतं आणि त्यात एक पट्टा बांधलेली मान. एवढं खाली, एवढं जवळ त्याने कधी बघितलं नव्हतं. लाईनीत पुढे बघायची वेळच येत नाही.

भप्प. भप्प.

लाईनीचा एकच कायदा होता.

विलासने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले आणि हाताने हातब्रेक ओढला. मागच्याने धक्का दिला तेव्हा चाळीस टनांची सोळाच्या सोळा चाकं आवळलेली होती. पट्टी दाबत गेली, डंपर कण्हला, टायर खडीवर फरफटले, रबर जळाल्याचा वास सुटला. पट्टीला जे परत द्यायचं होतं त्यातलं बरंचसं त्या चाकांनी खाऊन टाकलं. डंपर हातभर सरकला, आणखी वीतभर सरकला, आणि मांजराने नाक लावावं तसा वडापला लागून थांबला. वडाप जरा डुलली.

मग उरलेला धक्का उलटा फिरला. मागे एकेक डंपर मागे आदळत गेला, आणि एकेका केबिनमधून विलासच्या आईचा उद्धार सुरू झाला. ती आई संजीवनीचीही होती, पण आज तिने ते मनावर घेतलं नाही.

विलासच्या केबिनमध्ये यंत्रातली गोड आवाजाची बाई बोलली, "अपघाताची नोंद झाली आहे. कृपया वाहन सोडून जाऊ नका."

बेरीज घटली होती. डंपर खाणीला लागल्यापासून पहिल्यांदा.

विलास खाली उतरला. सदरा छातीपासून चहाने भिजला होता. एक हात मानेवर होता. तो वडापपाशी आला आणि दांड्याला धरून उभा राहिला. काट्यावरचा माणूस फोनवर मालकाशी बोलत होता. कोण, कुठला, कुणाचा डंपर, सगळं मोठ्याने सांगत होता.

"लागलं का रे?" संजीवनीने विचारलं.

त्याने मान वळवून बघितली. ती पुरती वळेना.

"लई," तो म्हणाला.

मागचे चालक उतरून येत होते, त्यांच्या शिव्या जवळ येत होत्या.

"सरक तिकडं," विलास म्हणाला. "तुझा परवाना बंद हाय. मी चालवतो. कचेरी उघडी हाय तवर जाऊ."

"बाई म्हणाली ना, वाहन सोडून जाऊ नका."

"तिला काय कळतंय."

तो वडापच्या पुढच्या सीटवर बसला. गुडघे छातीला टेकले. तिने ओढणीची गाठ सोडून चावी दिली. गाडी खाणीच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली. विलास तिला पंचवीसने पळवायला बघत होता. उतार होता तरी ती तेवीसच्या वर जाईना. थोड्या वेळाने मागून घरघर ऐकू आली. भरलेला डंपर होता, रोजच्या वेगाने येत होता, काही वाईट मनात नसलेला. विलासने आरशात बघितलं, परत बघितलं, आणि वडाप रस्त्याच्या खाली घेऊन उभी केली. डंपर शेजारून गेला. छप्पर थरथरलं.

"हितनं केवढा दिसतो गं," तो म्हणाला.

"मला सांगू नको," संजीवनी म्हणाली. "जबाबात लिही."